बिनमुकादमाचं यंत्र

दोघी बहिणींनी मिळून एक यंत्र बांधलं, चांगलं कपाटाएवढं. आत चौसष्ट छोटे कॉम्प्युटर. प्रत्येकाचं डोकं वेगळं, आठवण वेगळी. वायरीतून एकमेकांना निरोप धाडायचे आणि एकच काम वाटून करायचं. थोरलीने वायरी जोडल्या, धाकटीने कारभाराचा प्रोग्राम लिहिला. आधी आठच लावले, तर यंत्र असं पळालं की टेबलावरचा चहा घाबरून गार झाला. चौसष्ट लावले आणि गोगलगाय मागे वळून हसायला लागली.

दुपारी साहेब येणार होते. चौसष्टांनी आठांना हरवलं नाही, तर कपाट सोडवून सुटे भाग इतर खात्यांना वाटून टाकीन, असं ते बजावून गेले होते.

थोरली म्हणाली, माझ्या वायरी चोख आहेत, तुझं तू बघ. धाकटी पडद्यावरून धावणारे निरोप बघत बसली. सगळे एकाच दाराशी चालले होते. पहिला कॉम्प्युटर तिनेच मुकादम नेमला होता. कुणाला शिंकायचं असलं तरी आधी त्याची परवानगी. आठ जणांचं त्याने निभावलं. आता दाराशी हीऽऽ रांग, आणि आत मुकादमाला घाम.

तिला हसूच फुटलं. थोरलीला विचारल्याशिवाय तिने कधी वेणी घातली नव्हती. प्रोग्राम लिहितानाही तोच कित्ता गिरवला होता.

"ताई, मुकादमाला घरी बसवतेय."

"मला न विचारता?"

"सांगतेय ना."

थोरलीने असे डोळे वटारले की पंख्यालासुद्धा फिरायची चोरी. मग खुर्ची ओढून जवळ बसली. "आणि त्याचं काम कोण करणार?"

थोडं थोडं सगळेच, धाकटी म्हणाली. अडलं तर शेजाऱ्याला विचारायचं. तिची बोटं अशी चालली की दुपारपर्यंत कळफलकावरची अक्षरं पुसली गेली.

साहेब आले. आकडेमोड सुरू झाली, आणि त्यांचा चष्मा पुसून होण्याआधी उत्तर पडद्यावर. आठांचा विक्रम धुळीला मिळाला.

"यातला मुख्य कुठला?" साहेबांनी विचारलं.

"कुठलाच नाही. हवा तो उपटून बघा," धाकटी म्हणाली. थोरलीने डोळे मिटून घेतले.

साहेबांनी बिचकत पहिलाच उपटला. शेजाऱ्यांनी त्याचं काम उचललं, यंत्राने ठेचसुद्धा खाल्ली नाही. साहेबांना चेव चढला. दुसरा उपटला, तिसरा उपटला. चौथ्याला थोरलीने त्यांचं मनगट धरलं.

"आधी यंत्राच्या मंजुरीची सही, साहेब. मग खेळा."

साहेबांनी उजव्या हाताने सही केली. डावा तेवढ्यात चौथ्याकडे सरकत होता.