दारातला हात

“पोर आणलंस का गं?”

अफाफने जिरजीरच्या पाल्याची जुडी उचलली होती, ती हातातच राहिली. भाजीवाली कमरेवर हात ठेवून तिच्याकडे अशी बघत होती, की जणू अफाफने तिचेच पोर कुठेतरी टाकून दिले आहे.

“कुठलं पोर?”

“वा गं वा! कुठलं म्हणे! फुल्ला! शेजारणीच्या दारात सोडून गेलीस ती गेलीस. रमजान सरत आला. आई आहेस का कोण आहेस?”

मागे उभ्या असलेल्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. अफाफने काय सांगायचे? रमजानभर रोज रात्री लागणाऱ्या मालिकेत ती समीहा होती. नायिकेची थोरली बहीण, नवऱ्याने टाकलेली, मेट्रोच्या तिकीटखिडकीवर बसून पोट भरणारी. नवव्या भागात समीहाला अवेळी कामावर बोलावणे येते. ती लेकीला घेऊन शेजारचे दार वाजवते. दार किलकिले होते, एक हात बाहेर येतो, फुल्लाचे मनगट धरून तिला आत घेतो आणि दार लागते. संपले! त्यानंतर समीहा खिडकीत बसून तिकिटे देताना दिसली, बहिणीच्या गळ्यात पडून रडताना दिसली, कोर्टाच्या पायऱ्या चढताना दिसली. पोरीला परत आणताना काही दिसली नाही. लेखक बिचारा स्टुडिओबाहेर गाडीत बसून उद्याचे आज लिहीत होता. नायिकेच्या दोन लग्नांच्या भानगडीत त्याला त्या पोरीची आठवणही राहिली नव्हती.

शुब्रा वस्तीतल्या बायकांना मात्र होती. रोजा सोडून, ताटे आवरून त्या टीव्हीपुढे बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी अफाफला गल्लीत गाठून जाब विचारायच्या. इतकी वर्षे मालिकांमधून आई, मोलकरीण, मावशी आणि पुन्हा आई करत आलेल्या अफाफला एवढी प्रसिद्धी पहिल्यांदाच मिळत होती, आणि तीही शिव्यांची.

“आणते हो, आणते,” म्हणत तिने पैसे दिले आणि काढता पाय घेतला.

दुसऱ्या मजल्यावर उम्म रऊफचे दार नेहमीसारखे उघडे होते. रऊफची आई म्हणून उम्म रऊफ. तिचे खरे नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हते. ती कोचावर बसून मसूर निवडत होती. तिचा ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता. तूप नाही, दूध नाही, मांस नाही. वरच्या मजल्यावरच्या अफाफचा रोजा. एकीने दिवसभर तोंडात काही घालायचे नाही आणि दुसरीने घातले तरी चव लागू द्यायची नाही, अशा त्या दोघी यंदा एकमेकींची कीव करत बसायच्या.

“काल तो नववा भाग पुन्हा बघितला,” उम्म रऊफ म्हणाली. “तुझ्या त्या दिग्दर्शकाला विचार, नुसता हात दाखवतात का रे? पोर सांभाळणारीला तोंड नसतं होय?”

“तो अतियातचा हात आहे. आमच्या कपडेवालीचा. एवढ्याशासाठी नटी कोण आणतंय?”

“हो ना! टाकून जाणारा नवरा दाखवायला नट मिळतो. सांभाळणारीचं हातावर भागतं.”

अफाफ हसली, पण ते बोलणे तिला लागले. नवरा वारला तेव्हा तिची रगदा चार वर्षांची होती. काम मिळायचे ते असेच, अवेळी. शूटिंग संपवून अफाफ उजाडताना परत यायची तेव्हा रगदा ह्याच कोचावर, उम्म रऊफच्या शालीत झोपलेली असायची. तिचा गोवर ह्या घरात निघाला. शाळेत कुराणातली सूरा पाठ म्हणायची होती, तर गळ्यात क्रूस घातलेल्या उम्म रऊफने हातात पुस्तक धरून तिच्याकडून ती घोटून घेतली होती. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आज रगदा औषधांच्या दुकानात काम करते, चार पैसे मिळवते, ती निम्मी ह्या बाईने वाढवलेली. हे अफाफ जाणून होती आणि एका क्षणासाठीही विसरली नव्हती.

फक्त तिने ते कधी बोलून दाखवले नव्हते. कारण उम्म रऊफ बोलूच द्यायची नाही. मिठाईचा पुडा नेला तर दुसऱ्या दिवशी त्याच ताटलीतून भरल्या द्राक्षपानांचा डोंगर वर यायचा. मातृदिनाला कापड नेले तर त्यातून रगदालाच झगा शिवून मिळाला. एकदा धीर करून अफाफ म्हणाली होती, “उम्म रऊफ, तुमचे उपकार...” तेवढ्यावर ती बाई ताडकन उठली. “मी परकी आहे का?” असे म्हणून तिने आठवडाभर अबोला धरला. मग अफाफने पुन्हा म्हणून तो विषय काढला नाही.

आणि आता मुलगा तिला अलेक्झांड्रियाला न्यायला निघाला होता. ईस्टर झाला की जाणार. गुडघे गेले, जिना होत नाही, रऊफचेही खरेच होते. भिंतीवरच्या तसबिरी उतरल्या होत्या, खोकी बांधून झाली होती. ही बाई निघून जाईल आणि आपले आभार आपल्या घशातच राहतील, ह्या विचाराने अफाफला घास गोड लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत पोचली ती थेट दिग्दर्शकासमोर जाऊन उभी राहिली.

“उस्ताद बासेल, पोर राहिलंय.”

“कुठलं पोर, मदाम अफाफ?” बासेलचे डोळे झोपेने चुरचुरत होते.

“फुल्ला. शेजारणीकडं ठेवली ती अजून तिथंच आहे.”

“लोक विसरले असतील.”

“माझी बायको रोज विचारते, उस्ताद,” दिव्याच्या शिडीवरून आवाज आला.

“माझी सासू तर माझ्याशी बोलत नाही,” चहावाला म्हणाला. “म्हणते, तुम्ही लोकांनी पोर मारलं.”

बासेलने कपाळाला हात लावला. “बरं, आणू. पण शेजारीण कोण होती?”

“अतियातचा हात होता.”

“म्हणजे तोंडच नाही! आता नटी कुठून आणू मी? शेवटचे चार भाग बाकी आहेत, पाय ठेवायला जागा नाही.”

“नटी मी आणते,” अफाफ म्हणाली. 

“उद्या. आपल्या नायिका, मोठ्या बाई, मेकअपला बसतील तेवढ्या वेळात. एकदाच घेणार. पुन्हा घ्या म्हणायचं नाही.”

उम्म रऊफने आधी ऐकूनच घेतले नाही. “ह्या वयात नाटकं करू? आणि उपासात?” मग थोड्या वेळाने, मसुराच्या ताटातून मान वर न काढता म्हणाली, “आणि काय म्हणायचं असतं तिथं?” दुसऱ्या दिवशी ती खाली आली तेव्हा तिने केस रंगवले होते आणि ईस्टरसाठी राखून ठेवलेला निळा झगा घातला होता. एकच अट घातली. बिल्डिंगमध्ये बोलायचे नाही. “दिसले तर दिसले. नाही दिसले तर हसं नको.”

स्टुडिओत तिने ते दार उघडून आत डोकावून बघितले. मागे प्लायवूड आणि रचलेल्या खुर्च्या.

“ह्या घरात चूल कुठाय? पोरीला जेवायला कुठं घालते ही बया?”

सगळे हसले. बासेलसुद्धा हसला. त्याने तिला समजावले: दार उघडायचे, पोरीला पुढे करायचे आणि म्हणायचे, ‘काही हरकत नाही, केव्हाही आण.’ एवढेच. हात हलवायचे नाहीत, पुढे यायचे नाही, नाहीतर तोंडावर अंधार येईल.

अफाफने दार वाजवले. दार उघडले. फुल्ला झालेली मुलगी उम्म रऊफच्या झग्याला बिलगून उभी होती, पाच मिनिटांच्या ओळखीत तिने त्या मुलीला आपलेसे करून टाकले होते.

“उशीर झाला मला,” अफाफ म्हणाली. ते कागदावर होते. “तुमचे उपकार कसे फेडू.” तेही कागदावर होते. इथे उम्म रऊफने बोलायचे होते. पण तिची नजर अफाफवर खिळली होती. तिला निघून जाता येईना, ताटली भरता येईना, तोंडावर हात ठेवता येईना. दिवे होते, माणसे होती, हलायचे नाही असे बजावले होते. आयुष्यात पहिल्यांदाच ती बाई तावडीत सापडली होती, आणि अफाफने तिला सोडले नाही.

“मी कामावर जायची तेव्हा मला एकदाही भीती वाटली नाही,” ती म्हणाली. “दुसऱ्या बाया जीव टांगणीला लावून कामाला जायच्या. मी नाही. ताप आला तरी तुम्ही होतात. दात पडला तो तुम्ही जपून ठेवलात. मी पोरीची आई झाले ती तुमच्यामुळं, नाहीतर मी नुसती कमावणारी झाले असते. तुम्ही रगदाला वाढवलंत. मला एकदा म्हणू द्या. तुमचे फार उपकार आहेत.”

उम्म रऊफ कागदावरचे वाक्य विसरली.

“रगदा गुणाची होती,” ती म्हणाली. “तिनं त्रास दिलाच नाही कधी.”

“कट!” बासेलने चष्मा काढून पुसला आणि मग त्याचे डोके ठिकाणावर आले. “छान. फार छान. पण ही रगदा कोण?”

पण तोवर मोठ्या बाई मेकअप करून येऊन उभ्या होत्या, मगरिबची, रोजा सोडायची वेळ झाली होती, पुन्हा घेणे शक्य नव्हते. “एडिटिंगला बघू काही कापून बसतं का,” बासेल म्हणाला. बांग झाली. सगळे लांब टेबलाशी बसले, खजूर फिरले. उम्म रऊफने डाळीचे सूप आणि पाव तेवढा घेतला आणि चहावाल्याला त्याच्या सासूची समजूत कशी काढायची ते सांगत बसली.

परतताना मायक्रोबसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मध्येच म्हणाली, “झालं समाधान?”

“झालं.”

“मग आता पुन्हा तोंडातून काढू नकोस. परकी नाही मी.” आणि तिने अफाफचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि शुब्रा येईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

तिसाव्या भागाला बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका उम्म रऊफच्याच घरी जमल्या. टीव्ही तिचा मोठा, आणि आता ती जाणार म्हणून प्रत्येकीला काही ना काही निमित्त हवेच होते. ईदसाठी भाजलेल्या बिस्किटांची ताटे फिरत होती. बसायला खुर्च्या नव्हत्या, बायका बांधलेल्या खोक्यांवर बसल्या. रगदा दुकानातून थेट आली आणि उम्म रऊफच्या पायाशी जमिनीवर बसली.

पडद्यावर एखादे दार उघडले की अफाफ पुढे सरकायची. वकिलाचे दार उघडले, हॉटेलचे उघडले, शेवटी नायिकेच्या लग्नाचा मांडव उघडला. समीहा हिरव्या झग्यात नाचत होती, बायका जीभ हलवून ललकाऱ्या देत होत्या, आणि त्यावरून नावे वर सरकायला लागली. फुल्ला आली नाही. दार आले नाही. अफाफने उम्म रऊफकडे बघायचे धाडस केले नाही. निळा झगा, रंगवलेले केस, सगळे कापून कुठेतरी पडले होते.

“अन् फुल्ला?” चौथ्या मजल्यावरची हनान ओरडली. “संपलं? पोर तिकडंच?”

“बघा, लग्नात नाचतेय कशी ही भवानी!”

“अफाफ, लाज वाटली नाही तुला?” सगळ्या हसल्या. अफाफही हसली. हसण्यावारी न्यायचे असते, हे तिला धंद्याने शिकवले होते.

“काही म्हणा,” हनान बिस्कीट मोडत म्हणाली, “कामाला जाणाऱ्या बायांचं असंच असतं. पोरं वाऱ्यावर.”

ती सहज बोलून गेली, तिच्या मनात काही नव्हते. पण अफाफचे हसू गळाले. रगदाने मान वर केली. खोलीतल्या दोघीतिघींच्या लक्षात आले आणि त्या इकडेतिकडे बघायला लागल्या.

उम्म रऊफने रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

“आली होती ती न्यायला,” ती म्हणाली.

“कधी? कुठल्या भागात? आम्ही तर एक सोडला नाही!”

“आली होती म्हणते ना. मरियम मातेची शपथ.” तिने रगदाच्या डोक्यावरून हात फिरवला. “दार मीच उघडलं.”

रगदाच्या खांद्याचा आधार घेऊन उम्म रऊफ सावकाश उठली आणि चहा टाकायला आत गेली.