चार फ्रॉक, चार पुस्तकं

पुस्तक म्हणजे काय, हे माझ्या साडेतीन वर्षांच्या पोरीला मी शिकवलं. चुकीचं शिकवलं. दुसऱ्या कुणाचा यात हात नाही.

बालवाडीच्या बाई दर महिन्याला चार पुस्तकं फुकट द्यायच्या. आठवड्याला एक. अट एवढीच की आईबापानं पोराला मांडीवर घेऊन वाचून दाखवायचं आणि त्याचा फोटो पाठवायचा. फोटो आले की पुढची चार.

मी बाइंडिंगच्या कारखान्यात कटिंग मशीनवर आहे. दिवसाला दोन हजार पुस्तकांच्या कडा छाटतो. "घरी पुन्हा पुस्तक बघितलं की डोकं उठतं," असं मी सगळ्यांना सांगायचो. थाप होती. मी मोबाईल बघत लोळायचो. आणि वाचायला शिकलो कुठं? त्याच कारखान्यात, छपाईत वाया गेलेल्या कागदांवर, डबा खाता खाता. मला कुणी मांडीवर घेतलं नव्हतं. निदान मला तरी कळायला हवं होतं.

युक्तीही माझीच. एका रविवारी बायकोला म्हटलं, "चारही फोटो आजच उरकू. दर आठवड्याला कोण नाचणार?"

"चारही आठवडे एकच शर्ट? बाई म्हणतील, यांच्याकडे पाणी येत नाही."

"मग बदलतो शर्ट."

"फोटोसाठी का होईना, बदलाल तरी."

पोर एका जागी ठरत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. त्या दिवशी मात्र शहाण्यासारखी बसली. मोबाईल कपाटाला टेकवून ठेवलेला. फ्रॉक बदल, मांडीवर बस, पुस्तक उघड, हस. "झालं?" "झालं." पुस्तक बंद. अर्ध्या तासात महिना निकाली. असे पाच महिने. वीस पुस्तकं कपाटावर कोरी करकरीत पडली होती.

मग बाईंचा फोन आला. "तुमचा एकही फोटो चुकला नाही. शनिवारी पालकांसमोर भिंगरीला एक पुस्तक वाचून दाखवाल? बाकीच्यांना हुरूप येईल."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड होतं कुठं?

शनिवारी पंधरा-वीस पालक पोरांच्या इवल्याशा खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. बाईंनी नवं पुस्तक भिंगरीच्या हातात दिलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

"बाबा, दुसरा फ्रॉक आणला नाही?"

"कशाला गं?" बाईंनी विचारलं.

"पुस्तक आलं ना."

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी बसलो, तिला मांडीवर घेतलं, पुस्तक उघडलं. तिनं मान ताठ केली, समोर बघून दात दाखवले, तीन-चार क्षण तशीच थांबली. "झालं?" म्हणाली आणि पुस्तक मिटून बाईंना परत दिलं.

आता कुणी हसलं नाही. बाईंनी ते पुस्तक दोन्ही हातांत धरलं होतं.

"बाई, आम्ही फोटोच काढले," मी म्हणालो. "वाचलं एकही नाही."

मागून एक प्लंबर म्हणाला, "आमचंही तेच आहे हो. फक्त आमच्या पोरीकडे चार फ्रॉक नाहीत."

त्यावर पुन्हा हशा पिकला. तो माणूस मला सांभाळून घेत होता. मला सांभाळून घ्यायला नको होतं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "हे घरी न्या. फोटो पाठवू नका."

संध्याकाळी मोबाईल बायकोच्या पर्समध्ये टाकला आणि भिंगरीला मांडीवर घेतलं. चिखलात बूट रुतलेल्या बदकाची गोष्ट होती. मी एकेक शब्द नीट वाचत होतो. चित्रावर बोट ठेवलं, "बघ, बूट कुठं गेला?" ती चित्राकडे बघेना. कपाटाकडे तोंड करून हसत बसली होती. चौथ्या पानापर्यंत दात तसेच.

"बाबा, गाल दुखतात."

"मग हसू नकोस."

"आणि फोटो?"

"फोटो नाही काढायचा."

तिनं जरा विचार केला. "मग पुस्तक कशाला?"

   मी पान उलटलं आणि पुढं वाचायला लागलो. पोर कपाटाकडेच बघत होती.