भावळकोंडाचा शब्द

आमदाराच्या बायकोला कोणी काही विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

आमचे हे, म्हणजे राजाभाऊ, अठ्ठ्याहत्तर साली पहिल्यांदा निवडून आले ते भावळकोंडाच्या मतांवर. तिथले गावकर, म्हणजे गावाचे मानकरी, भागोजी यांनी ग्रामदेवीसमोर नारळ ठेवून शब्द दिला होता, की अख्खा गाव राजाभाऊंच्या मागे. असा नारळ देवळात असेपर्यंत आमच्याकडे शब्द मोडत नाहीत, आणि ज्याला शब्द दिला त्यानेच तो उचलून देणाऱ्याला मोकळं करायचं. बदल्यात यांनी कबूल केला होता पऱ्यावरचा, म्हणजे गावाजवळच्या ओढ्यावरचा, साकव, पायी जायचा लहानसा पूल. पावसाळ्यात तो पऱ्या भरला, की गावाची वाटच बंद.

ऐंशी साली हे पुन्हा आमदार झाले. साकव मंजूरही झाला, पण यांनी तो दुसऱ्या गावाला वळवला. ते गाव विरोधकांकडे फुटायच्या बेतात होतं. भावळकोंडाची मतं तर देवीपाशीच होती, मग तिथे घाई कसली? त्र्याऐंशीच्या श्रावणात भागोजींची सून तुळसा बाळंतपणात अडली. डोलीतून पऱ्यापर्यंत आणली आणि पाणी ओसरायची वाट बघता बघता काठावरच गेली, पोटातल्या जिवासकट.

पंच्याऐंशीला हवा विरोधात होती. प्रचाराला भावळकोंडात जाताना माझे पाय उचलत नव्हते. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. पण भागोजींनी घोंगडी अंथरली, कोकमाचं सरबत दिलं.

"सभा कशाला घेताव?" ते म्हणाले. "शबूद हाय. मतां तुमालाच."

तुळसेचं नाव त्यांनी काढलं नाही. आम्हीही नाही.

 घरी आल्यावर हे म्हणाले, "उद्या जाऊन नारळ उचलतो."

मी भडकलेच. "डोकं ठिकाणावर आहे का? दोनशे मतं आहेत ती! एवढं वाटतंय तर मतदान झाल्यावर उचला."

"मग तो उचलून काय उपयोग, मालिनी?"

हट्टाला पेटल्यावर ऐकतील तर ते हे कसले! सकाळी निघाले, मागोमाग मीही, तोंड फुगवून. देवीसमोरचा नारळ यांनी उचलला आणि म्हणाले, "गाव मोकळा." भागोजींनी शब्द सुटल्याचं देवीला गाऱ्हाणं घातलं, जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि सगळे आमच्याकडे न बघता निघून गेले.

एकशे बेचाळीस मतांनी पडलो. भावळकोंडात दोनशेंपैकी आम्हाला मिळाली अकरा. मी चार दिवस यांच्याशी बोलले नाही.

पाचव्या दिवशी सकाळी भागोजी आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. मला वाटलं, सांत्वनाला आलेत. हे बाहेर अंगणात गेले, तसा म्हातारा पुढे सरसावला.

"माझ्या पोरीला तू मारलंस!" ते ओरडले. "सून नव्हती ती, पोर होती माझी! दोन वर्सा तोंड शिवून बसलो. ज्याला शबूद दिला, त्याला वंगाळ बोलायचा नाय. देवीफुडं गाऱ्हाणा घालायचा नाय. तिच्या नवऱ्याला, माझ्या काशीरामला पन मी रडू दिला नाय!"

रस्त्यावर माणसं जमली. भागोजींना आवरायला मी पुढे झाले, तर यांनी हात आडवा घातला.

"होय भागोजी," हे म्हणाले. "साकव मीच वळवला. तुळसा माझ्यामुळे गेली."

भागोजी मटकन पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे हमसून रडू लागले. हे हात जोडून समोर उभे राहिले, ते रडणं थांबेपर्यंत. मी दारातच होते. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि शरमेने मला वर बघवेना. नारळ न उचलता आम्ही निवडून आलो असतो, तर हे रडणं त्या माणसाला आणखी पाच वर्षं गिळावं लागलं असतं, आणि मला ते चाललं असतं.