हापूस लेनमधला मुंजा

औंढे गावाच्या वरच्या अंगाला एका शेठची आंब्याची बाग होती. बाराशे कलमं. ती तोडून तिथं वसाहत झाली आणि बिल्डरनं कमानीवर म्हशीएवढा सिमेंटचा आंबा बसवला. रस्त्यांना नावं दिली हापूस लेन, केसर लेन. हापूस लेनमध्ये शोभेचे पाम, केसर लेनमध्ये घसरगुंडी. मुलाबाळांना निसर्गात वाढवायचं म्हणून शहरातली कुटुंबं इथं राहायला आली, आणि आल्या आल्या खिडक्या लावून एसी सुरू करून बसली.

खरं झाड एकच उरलं, हापूस लेनमधल्या डी विंगच्या पार्किंगमधलं. भिमाजीच्या बापानं लावलेलं. बाराशे कलमांच्या काड्या याच झाडाच्या, आणि त्यातल्या निम्म्या तरण्या भिमाजीनं स्वतः बांधलेल्या. आता सत्तरी ओलांडलेला भिमाजी तिथंच माळी होता. या झाडाची एक कोय आपण इंद्रायणीत टाकली, तर खाली इंदुरी गावच्या लोकांनी ती होडी म्हणून दोन वर्षं वापरली, असं तो शपथेवर सांगे.

एका सकाळी सोसायटीचा सेक्रेटरी गौरव गाडीची काच खरवडत म्हणाला, "आबा, उद्या झाड तोडणारे येतायत. मोहराचा चिकटा गळतो. पेंट खराब होतो."

"झाड आदी हुतं साहेब. गाड्या मागनं आल्या."

"ते आता मीटिंगमध्ये ठरलंय."

 भिमाजीचं तोंड सवयीनं चालू झालं. "तोडा की. मुंजाला इचारलं का पर?"

"कोण मुंजा?"

"ह्याच्यावर बसतोय त्यो. मुंज झाली आन लगीन व्हायच्या आदीच गेला. लय तापट हाय."

मुंजा पिंपळावर बसतो, हे औंढ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण गौरव कॉम्प्युटर इंजिनिअर. त्याची झाडांशी ओळख लेनच्या पाट्यांपुरती. तो पांढरा पडला, आणि लगेच सावरलाही. "मग आजच तोडू. भूत आहे म्हटल्यावर इथं फ्लॅट कोण घेईल?"

थाप उलटली होती. भिमाजीनं दुसरी काढली. "तोडा, तोडा. बेघर झाला की मुंजा जवळचं दार गाठतोय. हितनं जवळ कुनाचं हाय?"

गौरवनं मान वळवली. डी एकशे एक. त्याचंच.

दुपारपर्यंत झाडाला लाल कापड, नारळ आणि विजेवर चालणारी समई लागली. दर अमावास्येला नैवेद्य ठरला आणि तो दाखवायचा मान आबांना मिळाला.

भिमाजी ऐटीत घरी आला. बायकोनं, बयाबाईनं, सगळं ऐकून घेतलं. "छप्पन साली आपल्या बापानी समदी देवं-भुतं टाकली, बुद्धाला शरण गेले. आन तुमी नवं भूत घडवून आला? तेबी जानव्याचं?"

"झाड वाचलं अगं."

"खरं सांगून या."

"खरं सांगितलं तर तोडत्याल."

"मंग ह्या बाबासायबांच्या फोटूकडं बगा, आन म्हना, न्हाई जात."

भिमाजीनं फोटोकडं बघायचं टाळलं. वहाणा घातल्या.

संध्याकाळी मुंजाला हात जोडायला झाडाखाली तीस कुटुंबं उभी होती. भिमाजी मध्ये गेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बोलायला शब्द सापडेनात. "मुंजा-बिंजा काय न्हाई," तो म्हणाला. "मी थाप मारली. झाड माज्या बापानं लावलंय. तोडू नगा, येवढंच खरं हाय."

 मग गौरव हळूच म्हणाला, "आवाज ऐकलात का? हा आबांचा आवाज नाही. मुंजाच बोलतोय. आपण बेसावध व्हावं म्हणून."

डी विंगमधल्या हाडांच्या डॉक्टर अनघाबाईंनी मान डोलावली आणि सॅंडल काढून ठेवले. भिमाजीनं पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात. लोक दोन पावलं मागं सरले. तिसऱ्यांदा त्यानं बापाची शपथ घेतली. तेव्हा बायकांनी पोरांचे डोळे झाकले.

तो घरी आला तेव्हा बयाबाई भाकरी थापत होती.

"सांगितलं?"

"तीनदा."

"मंग?"

"पाया पडले माज्या."