निळ्या पोटाच्या माश्या

तणनाशकासोबत चेरीचा अर्क खाल्लेल्या माश्या नळीत सरसर वर चढल्या, तेव्हा नोरा हूकस्ट्राला वाटलं, आपण जिंकलो. शेजारच्या नळीतल्या माश्यांनी नुसतं तणनाशक खाल्लं होतं; त्या तळाशीच धडपडत होत्या. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या ज्या पेशी मरतात, त्यांनाच हे विष गाठतं. चेरीतली अँटिऑक्सिडंट्स त्या पेशींना वाचवतात, असं नोराचं म्हणणं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख फेल्डमनबाईंनी नळ्या पाहिल्या. "विष आणि अर्क एकाच खाण्यात कालवलंस?"

"हो."

"मग आंबट लागलं म्हणून त्या कमी जेवल्या असतील. जेवलाच नाही, त्याला विष कसं बाधणार? हे खोडून दाखव, नाहीतर निकाल विसर."

नोराचा चेहरा उतरला. अर्क मिशिगनमधल्या तिच्या वडिलांच्याच बागेतल्या चेरींचा होता, आणि वडिलांचा उजवा हात गेल्या हिवाळ्यापासून थरथरत होता.

"घरची चेरी," शेजारच्या टेबलावरून डेझमंड म्हणाला, "आणि माशीनंसुद्धा नाक मुरडलं."

"मुरडलं की नाही, ते त्यांच्या पोटालाच विचारते."

तिने दोन्ही खाण्यांत सारखाच निळा रंग घातला. जितकं खाणं, तितकं पोट निळं. दुसऱ्या दिवशी दोन्ही नळ्यांतल्या मोजक्या माश्या चिरडून तिने त्यांच्या पोटातला रंग यंत्रावर मोजला. आलेल्या आकड्यावर तिचा विश्वास बसेना. भांडी धुऊन, नव्या माश्या घेऊन तिने सगळं पुन्हा केलं. आकडा हटला नाही.

चेरीवाल्या माश्यांनी विष कमी नाही, उलट थोडं जास्तच खाल्लं होतं. आंबट त्यांना आवडलं होतं.

सगळ्या माश्या आधी तळाशी पडाव्यात म्हणून बाईंनी उरलेल्या माश्यांच्या नळ्या स्वतः टेबलावर आपटल्या. एकीत निळी पोटं तळाशीच राहिली. दुसरीतली निळी पोटं भिंतीवरून चढत थेट बुचाला भिडली. बाईंनी नळ्या नोराच्या हाती दिल्या.

"लिहायला घे," त्या म्हणाल्या. "आणि माझी शंका पहिल्या परिच्छेदात घाल. तिला पाडलंस, हे लोकांना कळू दे."

डेझमंडने स्वतःच्या डब्यातला चेरी-पाईचा तुकडा तिच्यापुढे सरकवला.

संध्याकाळी वडिलांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी आता रोज वाटीभर खाऊ?"

"बाबा, तुम्ही माशी असतात तर मी आजच हो म्हटलं असतं. माणसापर्यंत पोचायला वेळ लागेल."

"लागू दे. यंदा झाडं लगडलीत. तुला किती पेट्या हव्यात, ते सांग."