दोन केबिन, आठ नावं

हरेशने आठ माणसांची मोट बांधली होती, आणि घरच्या आठ जणांना एका तारखेवर आणायचं म्हणजे काय, हे ज्याने आणलंय त्यालाच ठाऊक. बहीण प्रमिलाची रजा, तिच्या नवऱ्याची शिफ्ट, तिच्या मुलीची परीक्षा, स्वतःची दोन पोरं, बायको स्नेहा. आणि आई. खरं तर सगळा घाट आईसाठीच होता.

आईचं सासर करंजाचं. तिच्या नवऱ्याने चाळीस वर्षं मासेमारी केली, पण होडीवर बाईमाणूस चढत नसे. तिने समुद्र बघितला तो धक्क्यावरून, डोक्यावर टोपली घेऊन. नवरा सांगायचा, जमीन दिसेनाशी झाली की पाणी हिरवं राहत नाही, काळं होतं, आणि सगळं गप्प होतं. ते काळं पाणी तिला एकदा बघायचं होतं. आता डोळेच चालले होते. काचबिंदू होता, आणि दिवाळीनंतर उजेड-अंधार तेवढा कळेल असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून क्रूझ.

हरेश पळस्प्याच्या एका गोदामात सुपरवायझर. कुठल्या ट्रकमध्ये किती खोकी बसतील यात त्याची अर्धी हयात गेलेली. त्याने हेरलं की केबिनमध्ये पहिल्या दोघांना पूर्ण भाडं पडतं, तिसऱ्या-चौथ्याला अगदी किरकोळ. लोक ऐसपैस तीन-चार केबिन घेतात आणि बोंबलतात. याने दोनच घेतल्या, खिडकी नसलेल्या, चार-चार जणांच्या. एकीत स्वतःचं बिऱ्हाड, दुसरीत प्रमिलाचं आणि आई. खिडकी नसली म्हणून काय झालं, डेक सगळ्यांचाच. तिकीटही सगळ्यांत स्वस्त घेतलं, ज्यात पैसे परत नाहीत आणि बदलही नाही. नवीन पनवेलच्या त्याच्या दोन खोल्यांत महिनाभर त्याच्या हुशारीचे गोडवे गायले गेले.

जायला आठ दिवस उरले तेव्हा सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो पाठवायची वेळ आली. आईच्या कार्डाचा नंबर हरेशला तोंडपाठ होता. दवाखान्यात, औषधाच्या दुकानात तो नंबर आणि हौसा हे नाव घडाघडा सांगायचा. कार्ड बघायची वेळ कधी आली नव्हती. आईने ते तांदळाच्या डब्यातून काढलं, पण हातात देताना जरा अडखळली.

कार्डावर नाव होतं चिंधी.

हरेशने दोनदा वाचलं आणि ही कोण म्हणून विचारलं. मग आईकडून हळूहळू सगळं बाहेर आलं. तिच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली होती. पाचवी ही. काळाची नजर जाऊ नये म्हणून आजीने नाव ठेवलं चिंधी. टाकाऊ चिंधीला कोण उचलून नेणार? लग्नात सासूने नाव बदलून हौसा केलं आणि तिने जुनं नाव गिळून टाकलं, पोटच्या पोरांनाही सांगितलं नाही. आधारवाले माहेरच्या गावात आले तेव्हा ती तिथे आजारी भावाकडे होती. भावाने नाव सांगितलं ते लहानपणचंच, आणि तेच छापलं गेलं.

हरेशला आधी राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. पंचेचाळीस वर्षांचा घोडा झाला आणि आईचं नाव माहीत नाही.

कंपनीच्या फोनवरची मुलगी गोड बोलायची आणि नाही म्हणायची. या तिकिटात नाव बदलत नाही, आणि कार्डावरचं नाव जुळल्याशिवाय चढता येणार नाही. त्याने पनवेल कोर्टाबाहेर नोटरी गाठला, हौसा आणि चिंधी एकच असं प्रतिज्ञापत्र करून पाठवलं. नाही. आईसाठी नवीन तिकीट मागितलं, तर एकट्या माणसाला दोघांचं भाडं, नाकापेक्षा मोती जड. तरी त्याने स्नेहाची पाटली सोनाराला दाखवली. पण तोवर केबिनच संपल्या होत्या. आधार केंद्रावर नाव दुरुस्तीला दिलं, ते पंधरा दिवसांनी येणार होतं. सातव्या दिवशी तो जिन्यात बसून रडला, पोरं शाळेतून यायच्या आत.

कुणीच जायचं नाही असं प्रमिलाने ठरवून टाकलं. आईने तिला झापलं. पैसे पाण्यात घालायचे आहेत का, पोरांनी काय पाप केलंय, सगळी जा म्हणाली. मग हरेशकडे वळली आणि हसली.

"चिंधीला कोनी नेत नाय, पोरा. त्यासाठीच त ठेवलं व्हतं ते नाव."

हरेशला ते हसू सोसेना. तो आईपाशी राहिला, बाकी सहा जण गेले.

जहाज दुपारी सुटलं. प्रमिलाने डेकवरून व्हिडिओ कॉल लावला. आईने फोन नाकाला लावावा इतका जवळ धरला. प्रमिला सांगत होती, किनारा मागे पडला, इमारती बारीक झाल्या, ही शेवटची टेकडी. वाऱ्याने अर्धे शब्द उडत होते. आई प्रत्येक शब्दाला हं म्हणत होती.

"आये, आता जमीन दिसत नाय," प्रमिला म्हणाली. "आता बघ, पाणी दाखवते."

आणि रेंज गेली. आवाज तुटला, चित्र गोठलं, मग फोनची काच काळी झाली.

हरेशने परत लावण्यासाठी हात पुढे केला. आईने फोन सोडला नाही. ती त्या काळ्या काचेत डोळे ताणून बघत होती, श्वास रोखून.

"बघ रं," ती हळूच म्हणाली. "किती काळं हाय. आनि सगळं गप. तुजा बाबा खोटं नव्हता सांगत."

हरेशने हात मागे घेतला. तिचं बघून होईपर्यंत तो शेजारी बसून राहिला.