मुकादम कुणाचा

निष्ठा ही या जगातली शेवटची शुद्ध गोष्ट आहे आणि ती आता फक्त कुत्र्यांकडे शिल्लक आहे, असं माझं ठाम मत होतं. मग उन्हाळ्यात साडू राहायला आले.

त्यांच्या घरातल्या फरश्या उखडल्या होत्या, म्हणून ते आणि माझी मेहुणी 'थोडे दिवस' आमच्याकडे आले. ज्याने कधी घरात काम काढलंय त्याला 'थोडे दिवस' म्हणजे काय ते सांगायला नको. साडू पोहायला शिकवतात. रुंद खांदे, हळू आवाज, बाराही महिने अर्धी चड्डी. सगळे त्यांना कोच म्हणतात, त्यांची लग्नाची बायकोसुद्धा. मी दातांच्या कवळ्या बनवतो. मला कुणी काही म्हणत नाही.

आमच्या कुत्र्याचं नाव मुकादम. दुसरं कुणी काम करत असलं की समोर बैठक मारून ते नीट चाललंय का हे बघायचं, एवढं एकच काम तो करतो, म्हणून. पिल्लू असताना त्याला घरी आणलं मी. बाटलीने दूध पाजलं मी. त्याने माझे नवेकोरे बूट खाल्ले तेव्हा हसलो तेही मीच. बदल्यात फार काही मागितलं नव्हतं. संध्याकाळी लॅबमधून आल्यावर त्याने माझ्या पावलावर हनुवटी टेकून पडावं, बस.

कोच आले त्याच संध्याकाळी ती हनुवटी त्यांच्या पावलावर होती.

"नवीन माणूस आहे ना, वास घेतोय," मी म्हणालो.

"हनुवटीने?" बायको म्हणाली.

मी कोचना अगदी सहज विचारलं, "काय खायला घालता हो त्याला?"

"काहीच नाही, दादा. तोच येतो."

याहून वाईट उत्तर असू शकत नाही. चोरून बिस्किटं दिली असती तर मी समजून घेतलं असतं. लाच मला कळते. काहीही न करता लोकांना आवडणं मात्र मला कधी जमलं नाही, आणि ज्यांना जमतं त्यांचं मी कधी भलं चिंतलेलं नाही.

अशात गांधीलमाश्या आल्या.

उन्हं तापली की त्या दरवर्षी एखाददुसरी यायच्याच. यंदा त्या सहकुटुंब आल्या. बाल्कनीत मुकादमच्या पाण्याचं भांडं असतं, त्याच्या काठावर बसून त्या पाणी प्यायच्या. मुकादमला ते बेकायदेशीर वाटायचं. तो त्यांच्यावर तोंड टाकायचा. मी आतून ओरडायचो, "मुकादम, नाही! नाही म्हणतो ना!" माझं 'नाही' हे त्याने आयुष्यभर एक मत म्हणून ऐकून घेतलंय. कोच वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "नाही रे." मुकादम मागे सरला आणि खाली बसला.

"बघितलंत?" बायको मला म्हणाली. मी बघितलं नव्हतं अशातला भाग नव्हता.

मग घरात कोचराज्य सुरू झालं. कोच म्हणाले, भांडं बाल्कनीतून उचलून आत ठेवा, ठेवलं. कोच म्हणाले, कापलेली फळं उघडी टाकू नका, कचऱ्याच्या डब्याचं झाकण घट्ट लावा, लावलं. कोच म्हणाले, माशी अंगावर आली तर हात उडवायचे नाहीत, शांतपणे बाजूला व्हायचं. त्या दिवसापासून माझी बायको आणि मेहुणी घरात अशा संथ चालू लागल्या की पाहणाऱ्याला वाटावं, दोघींना ऑपरेशननंतर आताच घरी सोडलंय.

"डब्याच्या झाकणाचं मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही ओरडला होतात," बायको म्हणाली. "सांगितलं नव्हतं."

"भावोजी, तुमचं पण बरोबरच असतं," मेहुणी म्हणाली. "फक्त ऐकावंसं वाटत नाही."

एवढं सगळं करूनही एके सकाळी मुकादमने एक माशी पकडलीच. पकडली म्हणजे तिनेच त्याला पकडलं. एक किंकाळी, आणि मग तो बाल्कनीतून सुटला. मी दारातच उभा होतो. गुडघ्यावर बसलो, दोन्ही हात पसरले. मुकादम माझ्या डाव्या हाताखालून गेला, माझ्या पावलावर पाय देऊन गेला, आणि सोफ्यावरच्या कोचच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागला.

पसरलेले हात परत घेताना माणसाने काय करायचं असतं, हे कुणी शिकवत नाही. मी आळस दिल्यासारखं केलं.

त्याचा ओठ सुजून एका बाजूला लोंबत होता. मेहुणीने बर्फ आणला. कोचनी तो रुमालात गुंडाळून ओठावर धरला. बायकोने प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, श्वासावर लक्ष ठेवा, सूज घशाकडे सरकली किंवा धाप लागली तर लगेच घेऊन या, नाहीतर उतरेल आपोआप. तिघं मिळून त्याच्या जबड्यात वाकून बघत होते. जबड्यात! मी उमेदीची सगळी वर्षं जबडे बघण्यात घालवली आहेत. तोंड हा माझा विषय आहे. तरी "जरा बघता का हो?" असं एकानेही विचारलं नाही.

"हिरडी बघा, हिरडी," मी मागून म्हणालो.

"दादा, जरा उजेड सोडता का?" कोच म्हणाले.

संध्याकाळपर्यंत सूज उतरली. मुकादमची. मला आत कुठेतरी ठणकत राहिलं.

दुसऱ्या दिवशी माश्यांचं घर सापडलं. बाल्कनीच्या भिंतीत वर, पूर्वीच्या एसीचा पाइप जायचा त्या भोकातून त्यांची ये-जा चालली होती. एसी केव्हाच काढून टाकला होता, भोक तसंच राहिलं होतं. आत हॉलला लाकडी छत आहे. त्याच्या वरच्या पोकळीत त्यांनी संसार थाटला असणार. कोचनी खालून बराच वेळ निरीक्षण केलं. मुकादमने त्यांच्या शेजारी बसून निरीक्षण केलं.

"दादा, हात लावू नका. मी माणसं बोलावलीत, रविवारी येतील. त्यांच्याकडे औषध असतं, अंगावर घालायचं असतं सगळं."

"भोक तर बुजवायचंय," मी म्हणालो.

"तेच करू नका."

"हो, काही करू नका तुम्ही," बायको म्हणाली. ही मला आयुष्यात सर्वांत जास्त वेळा मिळालेली सूचना आहे.

आता माझ्या बाजूने विचार करा. कुत्र्याला चावलं कुणी? माश्यांनी. त्या राहतात कुठे? भोकात. जो माणूस ते भोक बंद करील त्याच्याकडे कुत्रा कसा बघेल? आणि जो नुसता 'रविवारी' म्हणत बसेल त्याच्याकडे? शिवाय भोकं बुजवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. जबड्याचा साचा ओतायला आम्ही जे प्लास्टर वापरतो ते चहा गार व्हायच्या आत दगड होतं. त्यातून माशीच काय, हवासुद्धा जात नाही.

मी ते लॅबमधून पिशवीत घालून आणलं. दुपारीच घरी आलो, डोकं दुखतंय असं सांगून डोळे मिटून पलंगावर पडलो, आणि घरात सामसूम झाल्यावर उठलो. हॉलमध्ये कोच सोफ्यावर उताणे घोरत होते. मी रेनकोट चढवला, डोक्यावरून मच्छरदाणी घेतली आणि रबरी वाटीत प्लास्टर कालवायला घेतलं. आधी पाणी, मग पावडर, गुठळी राहता कामा नये. स्टुलावर चढून एका हाताने थापलं. आणखी थापलं. कडा पात्याने घासून सारख्या केल्या. काम इतकं सुबक झालं की उतरल्यावर ते बघायला परत चढलो. बाहेरून परतलेल्या दोनचार माश्या त्या गुळगुळीत भिंतीसमोर घोटाळत होत्या, पत्ता चुकल्यासारख्या.

आतल्या माश्यांचा विचार मी केला नव्हता असं नंतर सगळे म्हणाले. केला होता. त्या आतच राहतील असा केला होता.

लाकडी छतात दिवा बसवताना त्याच्याभोवती फट राहिली आहे, ही गोष्ट मला त्याच दुपारी कळली. माश्यांना ती माझ्याआधी कळली. मी बाल्कनीतून आत पाऊल टाकलं तेव्हा दिव्यातून धूर निघतोय असं वाटलं. धुराला आवाज होता.

"कोच! उठा!"

ते उठले. वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, मच्छरदाणीतून.

"दादा, तुम्ही भोक बुजवलंत?"

मी पातं पाठीमागे लपवलं. आणि मग आम्ही दोघं एकाच क्षणी एकच शब्द ओरडलो.

"मुकादम!"

"मी बघतो," कोच म्हणाले, "तुम्ही बाहेर पळा."

"माझा कुत्रा आहे. तुम्ही पळा!"

ते सोफ्यामागे वाकले, मी टेबलाखाली. मी लाडाचे सगळे आवाज काढले, त्यांनी तलावावरची शिट्टी मारली. एवढ्यात एक माशी कोचच्या मांडीवर बसली. अर्ध्या चड्डीचे तोटे असतात. आणि हात उडवायचे नाहीत असं घरादाराला शिकवणारा तो शांत माणूस हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्रीस्टाइल पोहत गेला, भिंतीशी वळला, आणि परत आला. माझ्या आयुष्यात असं समाधान फार थोड्या वेळा लाभलंय. त्याच समाधानात, नीट दिसावं म्हणून, मी मच्छरदाणी बाजूला केली आणि एक माशी कानावर, एक पापणीवर घेतली.

शेवटी आम्ही दोघं न्हाणीघरात शिरलो. दार लावलं, खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. कोच बादलीवर बसले, मी कमोडच्या झाकणावर.

"बाहेर एकटा आहे तो," मी म्हणालो.

"पलंगाखाली असेल. हुशार आहे."

"हुशार आहे हे तुम्ही मला सांगू नका."

त्यांनी ओठावरून हात फिरवला. तिथेही एक चावली होती, आणि ओठ आता मुकादमच्या वळणावर चालला होता. "दादा, तुम्हाला राग आहे माझा. मला कळतं."

"छे छे."

"आमच्या घरी मांजर आहे ना. मी उचललं की अंग ताठ करतं, सोडलं की जाऊन हिच्या मांडीवर. तलावावरची पोरं मला घाबरतात. हिला फक्त फरश्यांबद्दल बोलायचं असतं. हा कुत्रा आपणहून येऊन पायाशी बसला, दादा. पहिल्यांदाच कुणीतरी बसलं." त्यांनी पायाने टॉवेल फटीत आणखी आत सारला. "मला रोज वाटतं, फरश्यांचं काम अजून लांबावं."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण कुत्रा सोडून देण्याइतकं नाही.

"चला," मी उठलो. "ज्याच्या हाकेला ओ देईल त्याचा."

"आणि दुसऱ्याने कुरकुर करायची नाही."

"नाही करायची."

हात मिळवले. एकेक ओला टॉवेल डोक्यावर घेऊन आम्ही बाहेर पडलो आणि गुडघ्यांवर रांगत घर पिंजून काढलं. पलंगाखाली, कपाटामागे, धुण्याच्या यंत्रामागे, पडद्याआड. मी त्याला राजा म्हणालो, बाळा म्हणालो, परगावी शिकणाऱ्या माझ्या सख्ख्या मुलाला कधी म्हणालो नाही ते म्हणालो. कोच 'ये रे, ये रे माझ्या' एवढंच म्हणत होते, पण ते ऐकून मलाही जावंसं वाटत होतं. मुकादमने कुणालाच ओ दिली नाही. माझ्या मनात नको ते आलं. कोचच्याही आलं असावं, कारण ते एकदम थांबले आणि टॉवेलने डोळे पुसू लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिथेही माशी होती.

जिना उतरून आम्ही खाली आलो तेव्हा फाटकातून बायको आणि मेहुणी आत येत होत्या. मधोमध पट्ट्याला मुकादम, टवटवीत.

"मुकादम!" आम्ही दोघं ओरडलो आणि दोघांनीही हात पसरले.

मुकादमने आमच्याकडे पाहिलं. माझा एक डोळा मिटलेला, कान लाल भोपळ्याएवढा. कोचचा ओठ हनुवटीवर उतरलेला. त्याने आम्हाला ओळखलं नाही. मानेवरचे केस फुलवून तो आमच्या दोघांवर भुंकला, आळीपाळीने, कुणाला कमी न करता, आणि बायकोच्या मागे जाऊन उभा राहिला.

"अगं बाई, हे काय करून घेतलंत?" बायको म्हणाली. "आणि आरडाओरडा कसला करताय? सांगून गेलो होतो ना आम्ही. तुम्हाला पलंगाशी येऊन सांगितलं, कोचना सोफ्याशी. दोघंही 'हो' म्हणालात."

दुपारभर मुकादम घरात नव्हता. त्याला नखं कापायला नेलं होतं.